तीन किलोवॅट की पाच? सोलापूरची गच्ची आणि लेहची थंडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात स्वतःचा बंगला, महिन्याला सरासरी 280 युनिट वापर. सोलरची दोन कोटेशन आली आहेत. एक 3 किलोवॅटचं, 1 लाख 90 हजारांचं. दुसरं 5 किलोवॅटचं, 2 लाख 90 हजारांचं, आणि सोबत ‘उरलेली वीज महावितरणला विका’ हा सल्ला. विचारणाऱ्या ताईंचे जावई लेहला नोकरीला आहेत. त्यांचं म्हणणं, तिकडे पॅनेल जवळजवळ उभी लावतात आणि कडाक्याच्या थंडीतही ती दणकून वीज देतात, तर तुम्हीही तशीच लावा. शिवाय जावयांच्या घरमालकाला लेहमध्ये होमस्टेवर सोलर बसवायचं आहे. इकडचाच सेट त्याला पाठवला तर चालेल का, हेही ताईंनी विचारलंय.

ताई, आधी ते पाच किलोवॅटचं कोटेशन बाजूला ठेवा. देणारा वाईट आहे असं नाही, तुमच्या घराला तो हिशेब बसत नाही.

आपल्याकडे एक किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला 4 युनिटच्या आसपास वीज तयार होते. म्हणजे 3 किलोवॅटला दिवसाला 12 आणि वर्षाला 4,300 च्या पुढे. तुमचा वर्षाचा वापर 280 गुणिले 12, म्हणजे 3,360. तीन किलोवॅटमध्येच हजारभर युनिट शिल्लक राहतात. उद्या वरच्या खोलीत एसी आला किंवा मुलीची इलेक्ट्रिक स्कूटर आली तर ती तिथे खपतील. पाच किलोवॅट घेतलं तर वर्षाला जवळपास 4,000 युनिट जास्तीची होतील, आणि ती ‘विकणं’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या.

नेट मीटरिंगमध्ये तुम्ही ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, दिलेलं युनिट तुमच्या खात्यात जमा होतं आणि पुढच्या महिन्याच्या वापरातून वजा होतं. हे वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. 31 मार्चला खात्यात जे उरेल त्याचा हिशेब वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिटवतात, आणि तो दर तुम्ही विजेला मोजता त्याच्या मानाने कमी असतो. आता सोलापूरचं वर्ष डोळ्यासमोर आणा. ऑक्टोबरनंतर कूलर बंद, पंखे कमी, आकाश स्वच्छ. जमा वाढत जाते ती थेट मार्चपर्यंत. आणि बरोबर 31 मार्चला पाटी कोरी होते. दुसऱ्या दिवसापासून आपला खरा उन्हाळा! थंडीत साठवलेली युनिटं मे महिन्यातल्या कूलरला वापरू, असं पुष्कळांच्या डोक्यात असतं. तसं होत नाही. उलट एप्रिल-मे-जूनचा जादा वापर त्या-त्या महिन्यातच भागवावा लागतो, नाही भागला तर बिल येतं. तुमच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो काढून एप्रिल ते जूनचे आकडे बघा. तिथे महिना 400 च्या वर जात नसेल तर तीन किलोवॅट पुरेसं आहे.

सबसिडीचं गणितही तीनवरच थांबतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार मिळतात. एकूण 78 हजार. चौथ्या-पाचव्याला काही नाही. म्हणजे तीन किलोवॅट तुम्हाला 1 लाख 12 हजारांत पडेल आणि पाच 2 लाख 12 हजारांत. वरचा लाख रुपया पूर्णपणे तुमच्या खिशातून, आणि त्यातून निघणारी वीज बहुतेक स्वस्तात जाणार. खालच्या मजल्यावर दिरांचं कुटुंब याच मीटरवर येणार असेल किंवा इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं नक्की असेल, तर गोष्ट वेगळी. मग चार-पाचचा विचार जरूर करा.

आता जावयांचा मुद्दा. ते लेहबद्दल बोलतात ते खरं आहे, फक्त ते इकडे लागू होत नाही.

पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पॅनेलच्या मागच्या लेबलवर जे 540 वॅट लिहिलेले असतात, ते आतल्या सेलचं तापमान 25 अंश असताना मिळणारे. हवेचं नव्हे, सेलचं. मे महिन्यात सोलापुरात हवा 42 अंश असते तेव्हा भर दुपारी सेल सहज 70 च्या घरात जातो. गच्चीवर गेलात तर पॅनेलच्या मागच्या बाजूला तळहात टेकवून बघा, दोन सेकंद धरवत नाही. साध्या मोनो पर्क जातीच्या पॅनेलची क्षमता 25 च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घटते. 45 अंश जास्त म्हणजे जवळपास 16 टक्के गेले. 540 चं पॅनेल दुपारी एकला 455 च्या आसपासच देणार. लेहला जानेवारीत हवा शून्याखाली, ऊन मात्र कडक आणि हवा विरळ. तिथे भर दुपारी सेल 20-25 वर असतो आणि लेबलवरचा आकडा खरोखर दिसतो. जावयांना जे दणकून वाटलं ते हेच.

म्हणून आपल्याकडे सर्वात जास्त वीज मेमध्ये येत नाही. फेब्रुवारीचा शेवट, मार्च, एप्रिलची सुरुवात, हा सोलापूरचा सुगीचा काळ. तीन किलोवॅटला दिवसाला 14-15 युनिट. मेमध्ये ऊन वाढूनही आकडा थोडा उतरतो. डिसेंबर-जानेवारीत दिवस 11 तासांचा, तरी 12-13 मिळतात, कारण हवा थंड आणि आकाश मोकळं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सकाळी काचेवर दव असतं, नऊपर्यंत वीज चढत नाही, पण पुढे दिवसभर छान चालतं. मार खायचा तो जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्याकडे पाऊस कमी पडतो, पण ढग बसून राहतात. तेव्हा 9-10 धरा, एखादा दिवस 5 वरही येतो. घाबरून इंजिनिअरला फोन करू नका.

‘टॉपकॉन (पॅनेलची नवी जात) घ्या, उष्णतेत भारी चालतं’ असं तुम्हाला कोणीतरी सांगणारच. चालतं, खोटं नाही. त्याची घट अंशाला 0.30 टक्क्यांच्या आसपास असते. पण वरचाच हिशेब लावला तर 16 ऐवजी साडेतेरा टक्के जातात. म्हणजे तळपत्या दुपारी दोन-अडीच टक्क्यांचा फरक, वर्षाचा काढला तर त्याहून कमी. चार-पाच हजार जास्त मागत असेल तर द्या. पंचवीस हजार मागत असेल तर ते पैसे स्ट्रक्चरला, म्हणजे पॅनेल धरणाऱ्या लोखंडी सांगाड्याला घाला. आणि सबसिडी हवी असेल तर पॅनेल डीसीआरच हवं, म्हणजे सेलही भारतात बनलेला आणि पॅनेलही. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त मिळतं. कोटेशनमध्ये किंमत कमी दिसली की पहिला संशय तिथे घ्या. माझ्या मते तीन किलोवॅटच्या घरगुती कामात पॅनेलच्या जातीवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. खरा फरक पडतो तो गच्चीवर.

गच्चीवर आधी सावली बघायची.

सोलापूरचा अक्षांश साधारण साडेसतरा अंश. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, खांबाची सावली पायाशी गोळा होते. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत तो दुपारचा चक्क आपल्या उत्तरेला असतो. आणि डिसेंबरात दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही जेमतेम 49 अंश वर असतो. याचा अर्थ असा की साइट बघायला आलेला माणूस मेमध्ये आला तर त्याला सावली दिसतच नाही. ‘गच्ची एकदम ओके’ म्हणून तो जातो, आणि डिसेंबर उजाडला की पाण्याच्या टाकीची सावली पहिल्या दोन पॅनेलवर पसरते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास तीन फुटी कठड्याची सावली पाच फुटांच्या वर जाते. चौथऱ्यावर ठेवलेली टाकी गच्चीपासून आठ फूट उंच असेल, तर तिची सावली चौदा फूट लांब. ती वायव्येकडे पडते. म्हणून टाकी, सोलर वॉटर हीटर, जिन्यावरची खोली, डिशची छत्री, यातलं काहीही पॅनेलच्या दक्षिणेला, आग्नेयेला किंवा नैऋत्येला नको. टाकी हलवायला प्लंबर दोन-तीन हजार घेईल. पंचवीस वर्षांच्या सावलीपुढे ते काहीच नाही.

एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तर फक्त तो कोपरा जात नाही. सगळी पॅनेल एकापाठोपाठ एक जोडलेली असतात, त्यामुळे एकाचा खोळंबा इतरांनाही जाणवतो. सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणाऱ्या आतल्या बायपास डायोडमुळे नुकसान मर्यादित राहतं, पण राहतं. शेजारच्या प्लॉटवर कोणी मजला चढवणार असेल तर तेही आजच विचारून घ्या. चहाला बोलवून विचारा. नंतर भांडून ऊन परत मिळत नाही.

कोन 15 ते 18 अंश, तोंड दक्षिणेला. लेहसारखी 50 अंशांत उभी केली तर डिसेंबर-जानेवारीत थोडं जास्त मिळेल, पण एप्रिल ते ऑगस्ट भरपूर गमवाल, आणि वाऱ्याचा जोर दुप्पट घ्यावा लागेल. उलट काही जण स्वस्तात पडावं म्हणून पॅनेल जवळजवळ आडवीच टाकतात, पाच अंशांत. त्याने दुसरी पंचाईत होते. पहिल्या पावसात धूळ वाहून खालच्या चौकटीपाशी अडकते, तिथेच वाळते आणि बोटभर रुंद मातीची पट्टी तयार होते. ही पट्टी नेमकी सेलच्या शेवटच्या ओळीवर बसते. लांबून पॅनेल स्वच्छ दिसतं, वीज मात्र पडलेली. दहाच्या खाली कोन जाऊ देऊ नका.

उंचीचं काय? तुमच्या दुसऱ्या कोटेशनमध्ये स्ट्रक्चर सात फूट उंच धरलंय, पहिल्यात दीड फूट. इथे मी उंच स्ट्रक्चरच्या बाजूने आहे. खालून हवा खेळते, पॅनेल थोडं थंड राहतं. पण खरं कारण म्हणजे आपली गच्ची रिकामी नसते. कुरडया, सांडगे, मिरच्यांचं वाळवण तिथेच, आणि एप्रिल-मेमध्ये अंथरुणंही तिथेच. दीड फुटांवर सहा पॅनेल पसरली की जवळपास दोनशे-तीनशे चौरस फूट गच्ची गेली. उंच केलं तर खाली सावली मिळते आणि खालच्या खोलीचा स्लॅबही तापत नाही. हा फरक मेमध्ये पंख्याखाली बसल्यावर कळतो.

पण उंच स्ट्रक्चर म्हणजे वळवाच्या वाऱ्यासमोर उभं केलेलं शीड. वारा खालून शिरतो आणि पॅनेल वर उचलतो. वजनाने खाली बसेल हा समज काढून टाका. एक पॅनेल 28 किलोच्या आसपास, काच दोन्हीकडे असेल तर 32. सहाचे मिळून दोनशे किलोही नाहीत. त्यामुळे पाइप हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा, नुसता चंदेरी रंग मारलेला नको. गच्चीवर वेल्डिंग करून वरून रंग फासला असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. जोड नटबोल्टचे असावेत, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि तिरपे आधार दोन्ही दिशांना.

पाय कशात रोवणार, हा प्रश्न इन्स्टॉलरला नक्की विचारा. आपल्याकडे बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, वॉटरप्रूफिंगचा. त्यातून ड्रिल मारून अँकर ठोकले की पुढच्या पावसात हॉलच्या छतावर ओल येणार. कोब्यावर सिमेंटचे जड ठोकळे टाकून त्यात पाय धरणं, किंवा शक्य असेल तिथे पाय थेट कॉलमच्या डोक्यावर किंवा कठड्याच्या बीमवर आणणं, हे बरं. तुमचा बंगला आरसीसी आहे, काळजी नाही. जुन्या सोलापुरात माळवदाची किंवा शहाबादी फरशी टाकलेली घरं आहेत. तिथे मी स्लॅबवर काहीच उभं करत नाही, भिंतींवरून वेगळे गर्डर टाकून घ्यावे लागतात.

बसवायच्या दिवशी गच्चीवर एक खुर्ची टाकून बसा. पोरं पॅनेलवर उभी राहून बोल्ट आवळतात, ते होऊ देऊ नका. काच फुटत नाही, पण आत सेलला केसासारख्या भेगा जातात आणि त्या दोन-तीन वर्षांनी दिसतात. वायर जोडायचे कनेक्टर एकाच कंपनीचे हवेत. एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूचा भलताच, असं ठोकून बसवलेलं कनेक्टर उन्हात तापून वितळतं. वायर पॅनेलखाली लोंबत ठेवायची नाही. आणि पॅनेलच्या खालच्या बाजूला जाळी मारून घ्या, नाहीतर सहा महिन्यांत तिथे कबुतरांचा संसार.

सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, कुठे लावणार, हेही आधी ठरवा. ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगतात. पाणी त्याला चालतं, उष्णता चालत नाही. ठरावीक तापमानापुढे तो स्वतःहून क्षमता कमी करतो. म्हणजे पॅनेलमध्ये वीज असूनही तो घेत नाही. जिन्यात, सावलीत, चारही बाजूंनी हवा लागेल असा लावा.

आणि एक गोष्ट सगळ्यांनाच उशिरा कळते. लाइट गेली की साधं ऑन-ग्रीड सोलरही बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरातून उलटी वीज लागून धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच केलेली असते. तुमचा जुना घरगुती इन्व्हर्टर आणि बॅटरी आहे ती तशीच ठेवा, पंखे-दिव्यांना तेवढं पुरतं. हायब्रिड (बॅटरीलाही जोडता येणारा) सोलर इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीवर पाऊण-एक लाख जास्त घालायचे की नाही, हे तुमच्या भागात लाइट किती जाते त्यावर ठरवा. जुळे सोलापुरात मी तरी घालणार नाही.

अर्थिंगवर मात्र कंजुषी नको. तीन वेगळे खड्डे: एक पॅनेलच्या बाजूचा, एक घरच्या पुरवठ्याच्या बाजूचा, एक वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांडीचा. आपल्याकडे जमीन कुठे काळी, कुठे मुरूम आणि खाली कातळ. काळी माती पावसाळ्यात उत्तम, पण मार्चनंतर सुकून भेगा पडतात आणि अर्थिंगचा रोध चढतो. वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत. म्हणून काम दिवाळीत झालं तरी मोजमाप एकदा एप्रिलमध्ये परत करून घ्या. पाच ओमच्या आत हवं. वर गेलं असेल तर खड्ड्यात पाणी सोडायची सवय लावा. पॅनेलच्या आणि घरच्या बाजूच्या दोन्ही पेट्यांमध्ये विजेचा अचानक आलेला लोट अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आहे का ते उघडून बघा. त्याची छोटी खिडकी हिरवी असते, लाल झाली की बदलायचा.

धुण्याबद्दल सोलापूरला वेगळं सांगावं लागतं. धूळ आपल्याकडे भरपूर. ज्वारीची रास चालू असते तेव्हा, आणि साखर कारखान्याजवळ राहत असाल तर गाळपाच्या दिवसांत काजळीही. नोव्हेंबर ते मे पंधरा दिवसांतून एकदा धुवावंच लागतं. पण नळाला रोज पाणी नाही, म्हणून लोक बोअरचं पाणी मारतात. ते तापलेल्या काचेवर क्षणात सुकतं आणि पांढरा थर सोडून जातं, बादलीच्या कडेला बसतो तसाच. वर्षभरात तो इतका पक्का होतो की कापडाने निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे आरओचं टाकाऊ पाणी. ‘वाया जाण्यापेक्षा वापरू’ म्हणून तेच पाइपने मारतात, आणि त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात! नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या सहा पॅनेलना पुरतात. ओलं मऊ कापड किंवा रबरी वायपर, तोही पहाटे किंवा सूर्य उगवताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

कागदपत्रांचं लवकर उरकतो. वीजबिल ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावावर. पुष्कळ घरांत बिल अजून सासऱ्यांच्या नावावर असतं, तर आधी नाव बदलून घ्या. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट आता नाही, त्यामुळे अर्ज अडून राहत नाही. सबसिडी काम पूर्ण होऊन मीटर लागल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येते. ‘सबसिडी आमच्याकडे वळती करा’ म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नका. नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते, ती करारात लिहून घ्या. पॅनेलचे सीरियल नंबर बिलावर हवेत, आणि ते गच्चीवरच्या पॅनेलशी तुम्ही स्वतः ताडून बघा.

बिल शून्य येणार नाही, स्थिर आकार राहतोच. आणि पहिल्या महिन्यात हमखास एक गोंधळ होतो. मोबाइलवर दिसतं 360 युनिट तयार झाली, मीटरवर निर्यात दिसते 220. मग फोन येतो की 140 युनिट कोणी खाल्ली. ती तुमच्याच फ्रीजने, मिक्सरने, दिवसाच्या पंख्यांनी खाल्ली. मीटरपर्यंत पोचलीच नाहीत, म्हणून मोजली गेली नाहीत. मीटर फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली वीज मोजतो.

राहिला लेहचा होमस्टे. पॅनेल तेच चालेल. थंडीचं त्याला काही होत नाही. पण इकडचा अख्खा सेट बांधून पाठवू नका, कारण बाकी सगळं बदलतं.

पहिली गोष्ट व्होल्टेज. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो, साधारण अंशाला 0.27 टक्के. 540 वॅटच्या पॅनेलचा मोकळा, म्हणजे काहीही भार नसतानाचा, व्होल्टेज 49.6 धरा. अशी 11 पॅनेल ओळीत जोडली तर कागदावर 546 व्होल्ट होतात, आणि 600 ची मर्यादा असलेल्या इन्व्हर्टरला ते चालतील असं वाटतं. लेहची उणे 20 ची पहाट येऊ दे. 25 पासून 45 अंश खाली म्हणजे 12 टक्के वाढ, 612 व्होल्ट. सूर्य डोंगराआडून वर आला, पॅनेल अजून गोठलेलं, इन्व्हर्टरने भार घेतलेला नाही, आणि त्याच क्षणी तो जळू शकतो. हा दोष वॉरंटीतही बसत नाही. तिथे दहाच जोडायची. सोलापुरात ही चिंता नाही, आपली थंडी दहा-बारा अंशांवर थांबते आणि तुमची पॅनेल सहाच आहेत.

दुसरी गोष्ट उंची. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विरळ हवेत इन्व्हर्टर नीट थंड होत नाही आणि विद्युत रोधनही कमी पडतं. पुष्कळ इन्व्हर्टर 2,000 किंवा 3,000 मीटरपर्यंतच पूर्ण क्षमतेचे असतात. डेटाशीटवर कमाल उंची लिहिलेली असते, ती बघूनच घ्यायचा.

कोन तिथे 45 ते 50. लोकांना वाटतं बर्फ घसरावा म्हणून. लेह शहरात बर्फ तसा बेताचा, ते कोरडं वाळवंट आहे. द्रास-झंस्कारकडे बर्फाचा मुद्दा मोठा. लेहला कारण सूर्याचं आहे. डिसेंबरात तो दुपारीही 32 अंशांवर असतो. होमस्टे हिवाळ्यात बंद ठेवणार असतील तर इतकं उभं करायची गरज नाही, 30-35 पुरे. आजूबाजूला बर्फ साचत असेल तर दोन्हीकडून काच असलेलं बायफेशियल पॅनेल तिथे खरोखर वसूल होतं, कारण बर्फाचा उजेड मागून मिळतो. सोलापुरात तोच फायदा हवा असेल तर गच्चीला पांढरा रंग द्यावा लागतो.

बॅटरी लागणार असेल तर ती घरात, उबदार खोलीत. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, कायमची बिघडते. लेड-ॲसिडची क्षमता थंडीत घटते आणि उतरलेली असेल तर आतलं पाणी गोठून ती फुटते. 2019 पासून लेह श्रीनगरमार्गे राष्ट्रीय ग्रीडला जोडलेलं आहे, तेव्हा बॅटरीशिवाय ग्रीडला जोडून घेता येतं का हे आधी तिथल्या वीज विभागाला विचारायला सांगा. सबसिडी तिकडे जास्त आहे, पहिल्या दोन किलोवॅटला 33 हजार प्रत्येकी आणि तीनला एकूण 85,800.

फक्त त्या घरमालकांना एक विचारा, वीज कशाला हवी आहे. खोल्या तापवायला हवी असेल तर पॅनेलवर हीटर चालवणं हा महागडा उपाय झाला. दक्षिणेच्या भिंतीला काळा रंग देऊन पुढे काच लावली की दिवसभराचं ऊन भिंतीत मुरतं आणि रात्री आत येतं. लेहजवळ फे गावात सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या इमारतीही अशाच दक्षिणेचं ऊन साठवण्याच्या तत्त्वावर उबदार राहतात. ते आधी करून, उरलेल्या दिवे-गिझरच्या गरजेपुरती पॅनेल घ्यावीत. त्यांनी पाहिलेल्या इन्व्हर्टरची डेटाशीट जावयांकडून मागवून पाठवा, किती पॅनेल जोडायची ते काढून देतो.